योजनेचा पैसा गावापर्यंत कोणत्या वाटेनं येतो

मराठवाड्यात पंचायत समितीसमोरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात थोडा वेळ थांबलात तर एक वाक्य हमखास कानावर पडतं : "फॉर्म भरला होता, पण काही आलं नाही." फॉर्म पीएम किसानचा होता की ठिबकचा, विहिरीचा होता की डाळ मिलचा, असं विचारलं तर उत्तर येतं, "योजनेचा होता." घोळ इथूनच सुरू होतो. सरकारी पैसा एका वाटेनं येत नाही. काही पैसा थेट खात्यावर पडतो. काही आपण आधी खर्च केल्यावर मागून मिळतो. काही बँकेच्या कर्जाला बांधलेला असतो. काही बचत गटामार्फत येतो, आणि काही कुणा एकाचा नसून अख्ख्या गावाचा असतो. प्रत्येक वाटेवर अडण्याची जागा वेगळी, साहेब वेगळा, लागणारा कागद वेगळा. आपला पैसा कोणत्या वाटेवर आहे हे एकदा कळलं की तो कुठं अडलाय ते शोधता येतं.

आधी सातबारा

शेतीशी संबंध असलेल्या बहुतेक योजनांत पहिला प्रश्न जमिनीचा येतो, आणि आपल्याकडची सगळ्यात मोठी गाठ तिथंच आहे. आजोबा वारून वीस वर्षं झाली. तीन भावांनी तोंडी वाटणी केली, बांध घातले, ज्याचं त्याचं रान जो तो कसतो. गावात सगळ्यांना माहीत आहे कुणाचं काय. सातबारावर मात्र अजून आजोबाच आहेत. अशा घरातला माणूस कितीही कष्टाळू असला तरी सरकारच्या लेखी तो शेतकरी नाही.

पूर्वी असल्या घरांची कामं संमतीपत्रावर, ओळखीपाळखीवर निघून जायची. आता कृषी विभागाच्या योजनांसाठी फार्मर आयडी लागतो. २०२५ पासून महाराष्ट्रात तो सक्तीचा झाला आहे, आणि तो सातबारावर ज्याचं नाव आहे त्याच्या आधारशी जोडून निघतो. वारलेल्या माणसाचा आयडी निघत नाही. म्हणजे वारस नोंद राहिली तर पुढची सगळी दारं एकदमच बंद.

वारस नोंदीची पद्धत तशी सरळ आहे. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडं किंवा ई-हक्क या पोर्टलवर अर्ज करायचा. तलाठ्याला आता कागदोपत्री 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणतात, पण गावात तलाठीच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. तलाठी फेरफार धरतो, नोटीस काढतो, हरकतीसाठी १५ दिवस ठेवतो आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद मंजूर करतो. २०२५ मध्ये शासनानं 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम राज्यभर घेतली ती याचसाठी. मोहिमेत आपलं घर सुटलं असेल तर अर्ज करायला कुणाची आडकाठी नाही.

वारस लागले तरी सगळ्यांची नावं एकाच सातबारावर सामाईक राहतात, आणि विहिरीला किंवा कर्जाला बाकीच्यांची संमती मागितली जाते. एक भाऊ पुण्याला, बहीण सासरी, आणि सहीसाठी सहा महिने जातात. सगळे राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेता येतं. भाऊ भाऊ बोलतायत तोवर हे उरकून घ्यावं, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. भांडण लागल्यावर हाच कागद दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं पडून राहतो.

बायकांचा प्रश्न याहून अवघड. रानात राबायला ती असते, नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं असतं. नवरा गेला, त्यानं स्वतः जीव दिला असेल तर आणखीच, की तिच्या हातात कागद म्हणून काही उरत नाही. नवरा हयात असतानाच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठी महाराष्ट्रात १९९२ पासून 'लक्ष्मी मुक्ती' नावाचा शासन निर्णय आहे. नवऱ्यानं स्वतः अर्ज द्यायचा असतो. फार थोड्या घरांनी तो दिला. ज्या गावात एखादी ग्रामसभा या एकाच विषयावर लागेल, त्या गावानं पुढच्या पिढीचं मोठं काम केलं असं मी म्हणेन.

थेट खात्यावर येणारा पैसा

पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मानचे ६,००० या वाटेनं येतात. अतिवृष्टीची मदत, पीकविम्याची भरपाई यांचाही तोच मार्ग. इथं अर्ज मंजूर असूनही पैसे न मिळण्याचं नेहमीचं कारण बँक खातं असतं. हा पैसा पासबुकावरच्या खाते क्रमांकावर पडतोच असं नाही. आधार ज्या खात्याला थेट लाभासाठी शेवटचं जोडलं गेलं, त्या खात्यावर तो जातो. कधी तरी मोबाईलच्या दुकानात सिम घेताना अंगठा लावून एखादं पेमेंट बँकेचं खातं उघडलेलं असतं, आणि दोन वर्षांचे हप्ते तिथं साचलेले असतात. घरात मात्र सगळ्यांची खात्री की पैसे कुणीतरी खाल्ले. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. बदलायचं असेल तर आपल्या बँकेत आधार जोडणीचा संमती फॉर्म भरून द्यायचा, आणि तो थेट लाभासाठी आहे हे तोंडी न सांगता फॉर्मवर लिहायचं.

आधी खर्च, मग अनुदान

ठिबक, तुषार, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, कांदाचाळ, शेततळ्याचं अस्तरीकरण : हा सगळा महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या योजनांच्या ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलचा, प्रांत. ठिबकाला अल्पभूधारकांना केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे, वर राज्याची भर घालून ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. आकडा ऐकून माणूस खूश होतो. पण ही टक्केवारी शासनानं ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर असते, दुकानदाराच्या बिलावर नसते. शिवाय पैसे येतात काम झाल्यावर.

या वाटेवर क्रम चुकला की सगळं फुकट जातं. आधी फार्मर आयडी, मग ऑनलाइन अर्ज, मग निवड. निवडीचा मेसेज आला की दरपत्रक आणि इतर कागद दिलेल्या मुदतीत अपलोड करायचे. त्यानंतर पूर्वसंमती मिळते. पूर्वसंमती हातात पडल्यावरच खरेदी करायची. पैसे बँकेतून द्यायचे, जीएसटीचं पक्कं बिल घ्यायचं, ते अपलोड करायचं. मग सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचा कृषी सहायक) जागेवर येऊन मोका तपासणी करतो, शेतात फोटो घेतो, आणि त्यानंतर अनुदान खात्यावर येतं. पेरणीची घाई म्हणून पूर्वसंमतीच्या चार दिवस आधी यंत्र घरी आणलं तर बिलाची तारीख मागची दिसते आणि प्रकरण बाद होतं. दुकानदार "तारखेचं बघू नंतर" म्हणतो. त्याच्या त्या बोलण्यावर विसंबून राहू नका.

२०२५ मध्ये कृषी विभागानं लॉटरी बंद करून 'प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य' अशी पद्धत आणली. याचा अर्थ ज्याचे कागद आधीपासून तयार आहेत तो पुढं. सातबारा, आठ-अ, आधारशी जोडलेला मोबाईल नंबर, अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर जातीचा दाखला, एवढं वर्षभर घरात तयार असायला हवं. योजना सुरू झाल्यावर कागद गोळा करायला निघणारा माणूस या पद्धतीत मागंच राहणार.

कर्जाला बांधलेलं अनुदान

सगळ्यात जास्त गैरसमज या वाटेचे आहेत, आणि खरा रोजगार उभा राहण्याची शक्यताही इथंच जास्त आहे. म्हणून जरा थांबून बघू.

समजा निलंग्याकडच्या एखाद्या गावात एका जोडप्याला छोटी डाळ मिल टाकायची आहे. तूर दारात पिकते, मोंढ्यात कवडीमोल जाते आणि तिचीच डाळ होऊन दुप्पट भावानं दुकानात परत येते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. प्रकल्पाचा खर्च ८ लाख. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, असं अनुदान बसतं. म्हणजे यांचं अनुदान झालं २ लाख ८० हजार. गावात बातमी पसरते, "अमक्याला पावणेतीन लाख मिळाले."

प्रत्यक्षात होतं असं. १० टक्के म्हणजे ८० हजार त्यांनी स्वतः घालायचे. उरलेले ७ लाख २० हजार बँक कर्ज देते. अनुदानाचे २ लाख ८० हजार शासनाकडून बँकेत येतात, पण या जोडप्याच्या हातात येत नाहीत. ते कर्जाच्या शेजारी वेगळे ठेवले जातात. कर्जाचा शेवटचा टप्पा दिल्यापासून ३ वर्षं मिल चालू राहिली आणि कर्जाचं खातं नियमित राहिलं, तर ते कर्जात वळते होतात. म्हणजे मुद्दल म्हणून खरं फेडायचं ४ लाख ४० हजार. मधेच हप्ते थकून खातं थकीत झालं तर अनुदानही हातचं गेलं आणि कर्जही डोक्यावर राहिलं. केंद्राच्या रोजगार निर्मिती कार्यक्रमातही, ज्याला सगळे पीएमईजीपी म्हणतात, अनुदान असंच ३ वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर लागतही नाही. ग्रामीण भागात तिथं सर्वसाधारण गटाला २५ आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरेंना ३५ टक्के बसतात. पण तो कार्यक्रम मुख्यतः नव्या उद्योगासाठी आहे. चालू पिठाची गिरणी वाढवायची असेल तर अन्न प्रक्रियेची योजना जवळची. दोन्ही योजनांना ठराविक मुदती असतात आणि त्या वाढवल्या जातात, तेव्हा अर्जाआधी चालू वर्षाची स्थिती जिल्हा उद्योग केंद्रात किंवा कृषी कार्यालयात विचारून घ्यावी.

आता या जोडप्याचं काम कुठं अडतं ते बघा. अनुदान यंत्रावर मिळतं. पण तूर मोंढ्यात येते जानेवारी-फेब्रुवारीत, आणि त्या दोन महिन्यांत ती विकत घ्यायला रोख लागते. या खेळत्या भांडवलाची मागणी कर्जाच्या अर्जातच वेगळी करावी लागते. ती केली नाही तर यंत्र बसतं, थ्री-फेजचं कनेक्शन येतं, आणि मिल कच्च्या मालावाचून उभी राहते. हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला लागतो. म्हणून प्रकल्प अहवाल लिहितानाच विचारायचं : कर्ज कोणत्या महिन्यात हातात येईल, माल कोणत्या महिन्यात स्वस्त असतो, पहिला हप्ता कधीपासून. बँकेला महिना दोन महिने नव्हे तर पुरेशी हप्ता-सवलत, म्हणजे पहिला हप्ता सुरू होण्याआधीची सूट, मागायची, आणि तीही अर्ज करतानाच. अन्न प्रक्रियेच्या योजनेत अहवाल तयार करून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते. तिचं मानधन शासन देतं. त्यामुळं "फाईलचे पाच हजार द्या" म्हणणाऱ्या एजंटाकडं जायची गरज नाही.

दुसरी अडचण सिबिलची, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली याच्या नोंदीची. मराठवाड्यानं २०१२ पासून एकामागून एक कोरडी वर्षं पाहिली. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या वर्षांत कुणाचं पीककर्ज फिटणार? पुढं २०१७ आणि २०१९ मध्ये कर्जमाफ्या आल्या. त्या गरजेच्या होत्या, पण त्यांनी एक सवयही लावली. "पुढची माफी येईल" म्हणून कर्ज नवंजुनं न करता लोक थांबले, खाती थकीत झाली, आणि आता त्याच घरातला पोरगा डाळ मिलचा अर्ज घेऊन गेला की मॅनेजर स्क्रीन फिरवून दाखवतो. बायकांच्या नावावर मायक्रोफायनान्सची तीन-चार कर्जं असतात, तीही तिथं दिसतात. अर्ज करायच्या आधी आपला अहवाल आपण बघावा. प्रत्येक क्रेडिट कंपनीनं वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात फेडलेलं कर्ज थकीत दाखवलं असेल तर बँकेचा बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला देऊन दुरुस्ती मागता येते.

तिसरी गोष्ट तारणाची. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. शेतीकर्जाला ही मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांची आहे. बँकेला कर्ज नाकारायचा अधिकार आहे, पण का नाकारलं ते लेखी मागायचा अधिकार आपल्यालाही आहे. तोंडी "बसत नाही" यावर परत फिरू नका. लेखी कारण हातात असलं की ते दुरुस्त करता येतं किंवा जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडं नेता येतं.

गटाच्या नावानं

ज्या बाईच्या नावावर जमीन नाही, सिबिल नाही, तारण नाही, तिच्यासाठी उमेदचा, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा, बचत गट हीच आज सगळ्यात मोकळी वाट आहे. आठवड्याची बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोबाची वही नीट असली तर आधी फिरता निधी, मग ग्रामसंघामार्फत (गावातल्या गटांचा संघ) समुदाय गुंतवणूक निधी आणि मग बँकेचं कर्ज अशी पायरी चढता येते. पापड, मसाला, शेवया, हळद पावडर करणाऱ्या सदस्यांना अन्न प्रक्रिया योजनेतून प्रत्येकी ४० हजारांपर्यंत बीज भांडवल मिळतं. हा पैसा वरच्या संघाला अनुदान म्हणून आणि सदस्याला कर्ज म्हणून येतो. तो परत फेडला की पुढच्या बाईला मिळतो. गटात हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं नाही तर वसुलीच्या वेळी मैत्रिणी मैत्रिणी वैरी होतात.

योजना आणि गाव यांच्यामध्ये गावचीच बाई उभी करायची, ही कल्पना मराठवाड्याला नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत घरदुरुस्तीचा सरकारी कार्यक्रम आला, तेव्हा महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' नेमलं होतं. हप्ता कधी मिळतो, कोणता टप्पा झाल्यावर मिळतो, भूकंपाला टिकेल असं बांधकाम कसं करायचं, हे त्या घरोघर सांगत आणि गावचं गाऱ्हाणं इंजिनिअरपर्यंत नेत. आज उमेदच्या सीआरपी ताई, म्हणजे गटांना मदत करणाऱ्या गावातल्याच बायका, हेच काम करतात. त्यांच्या अंगावर कामं फार आणि मानधन थोडं. गावानं त्यांना ग्रामपंचायतीतली एक खोली, एक कॉम्प्युटर आणि थोडा मान दिला तर निम्मे एजंट आपोआप कमी होतील.

गावाचा पैसा

वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो. १५ व्या वित्त आयोगात त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, उरलेला गावाच्या गरजेप्रमाणं वापरायचा. वापर ठरतो तो ग्रामपंचायत विकास आराखड्यात. आराखड्यात गोडाऊन नाही, बाजारओटा नाही, गटासाठी शेड नाही, तर वर्षभर कुणाकडंही मागून उपयोग नाही. कोणत्या गावाला किती आले आणि कशावर गेले हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही मोबाईलवर बघता येतं.

महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा साधारण २ ऑक्टोबरच्या सभेपासून सुरू होते. आता बीडच्या धारूर, वडवणी, शिरूर कासार या भागाचा विचार करा. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेला प्रत्येक कोयता, म्हणजे नवरा-बायको जोडीनं, पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकच्या कारखान्यावर जातो तो मार्च-एप्रिलपर्यंत. २६ जानेवारीच्या सभेला निम्मं गाव नसतंच. ज्यांना गावात रोजगाराची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्या माघारी आराखडा पक्का होतो. म्हणून ऊसतोडीच्या गावांनी २ ऑक्टोबरची सभा सोडू नये, त्याआधीची महिला सभा तर मुळीच नाही. आपली मागणी लेखी द्यायची, पोच घ्यायची आणि इतिवृत्तात विषय आला का ते बघायचं. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते लागतं. हजार मतदारांच्या तांड्या-वस्तीत दोन गट एकत्र आले तरी सभेत वजन पडतं.

गाव तयार असलं की काय होतं हे बघायचं तर जालन्याजवळच्या कडवंचीला जावं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीनं तिथं माथा ते पायथा पाणलोटाचं काम झालं. नंतर शेततळ्यांच्या योजना आल्या तेव्हा या गावाकडं पाणी आडवलेलं होतं, माहिती होती आणि एकत्र बसायची सवय होती. आज तिथली द्राक्षं आणि शेततळी बघायला लांबून शेतकरी येतात.

अडलं तर

अर्ज कुठलाही असो, नोंदणी क्रमांक किंवा शिक्क्याची पोच असल्याशिवाय तो दिला असं धरू नका. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला वेळेत मिळाला नाही तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. त्या कायद्यात प्रत्येक सेवेला दिवस ठरलेले आहेत, ते उलटले की ३० दिवसांच्या आत त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं पहिलं अपील करता येतं आणि दिरंगाई करणाऱ्याला दंड होऊ शकतो.

अनुदानाची फाईल हलत नसेल तर माहितीचा अधिकार वापरावा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून साधा अर्ज पुरतो. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेवढेही लागत नाहीत. त्यात "माझं अनुदान का दिलं नाही?" असा प्रश्न टाकू नका, त्याला उत्तर द्यायला कार्यालय बांधील नाही. असं लिहा : "माझा अमुक क्रमांकाचा अर्ज आपल्याकडं आल्यापासून आजपर्यंत त्यावर कोणत्या तारखेला, कोणत्या अधिकाऱ्यानं, काय शेरा मारला, त्या टिपणीची प्रत द्यावी." ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडं. पुष्कळदा तिथवर जावंच लागत नाही. टिपणीची प्रत मागितली की टेबलावरची फाईल उघडली जाते, आणि कळतं की फक्त बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान जोडायचं राहिलं होतं.